लाइन मोकळी ठेवा

माझ्या बायकोचा आवाज चांगला आहे हे मला परक्या लोकांकडून कळलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत तो आवाज माझ्या वाट्याला आला होता तो एवढाच: 'पाणी काढलंय', 'डबा घेतलात का', 'रॉकेल संपत आलंय'. माझी तक्रार नव्हती. नवरा-बायको एवढंच बोलतात असं मी धरून चाललो होतो. माझे वडील गिरणीत, आई घरात. त्या दोघांना एकमेकांशी गप्पा मारताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यांचा संसार झाला होता.

मग आमच्या दारात ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली.

आम्ही तेव्हा अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या पुढे, कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या एका बैठ्या चाळीत राहायचो. कोपऱ्यावरच्या दोन खोल्या आमच्या. पुढे पत्र्याची ओसरी, आणि ओसरीपुढे चिंचेखाली एक टेम्पो आरामात उभा राहील एवढी मोकळी जागा. मुलगी अजून झालेली नव्हती. घरात आम्ही दोघं आणि एक फोन.

या फोनचं मोठेपण आजच्या मुलांना कळायचं नाही. वडिलांनी गिरणीत असताना नंबर लावला होता, आणि फोन आला तो ते गेल्यावर. सगळ्या चाळीत तो एकच. लोकांनी आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर देऊन ठेवला होता, पुढे 'पीपी' लिहून. फोन आला की मी ओसरीवर येऊन हाक मारायचो आणि ज्याचा असेल तो हातातलं काम टाकून पळत यायचा. बोलून झालं की जाताना मला 'थँक्यू' म्हणायचा. एमआयडीसीत लोखंडी कपाटांच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. तिथं मला थँक्यू म्हणणारं कोणी नव्हतं.

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्याच सुमाराची ही गोष्ट. घाटकोपरच्या एका धर्मादाय संस्थेकडे पाच-सहा ॲम्ब्युलन्स होत्या. त्या सगळ्या संस्थेच्या आवारात ओळीने उभ्या असायच्या. जोगेश्वरीला कोणाच्या छातीत कळ आली की गाडी घाटकोपरहून निघायची, असल्फा, साकीनाका, मरोळ करत, ट्रकांच्या मागे रखडत पोचायची, आणि तोवर पेशंट एक तर रिक्षाने गेलेला असायचा, नाही तर कायमचाच. संस्थेत नवे व्यवस्थापक आले. ते म्हणाले, गाड्या एका जागी बांधून ठेवल्यात कशाला? एक अंधेरीत उभी करा, एक साकीनाक्यावर, एक कांजूरमार्गला, एक मुलुंडला. माणूस पडला की जी जवळ असेल ती धावेल. आणि एक गाडी पेशंट घेऊन गेली की शेजारची थोडी सरकून मधल्या जागेवर येईल, म्हणजे कुठलाच भाग उघडा पडायचा नाही.

कल्पना झकास होती. अडचण एवढीच की गाड्यांमध्ये वायरलेस नव्हता. म्हणजे गाडी उभी राहणार तिथं हाकेच्या अंतरावर फोन हवा, आणि फोनपाशी दिवसभर माणूस हवा. साकीनाक्याला एक औषधाचं दुकान मिळालं, कांजूरला एक लाकडाची वखार. अंधेरीत शोधत शोधत ते व्यवस्थापक माझ्या ओसरीवर आले.

'हो' मीच म्हटलं. हे आधीच सांगून ठेवतो, नाही तर वाटेल बायकोने परस्पर ठरवलं. चहा पिता पिता ते म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं पुढे आली तरच हे होईल," आणि मी लगेच पुढे आलो. माझ्या डोळ्यांपुढे चित्र असं, की फोन मी उचलतोय, गाडी मी पाठवतोय, चाळ बघतेय. आपण दिवसभर कारखान्यात असतो ही गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यातच आली नाही.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. गाडी सकाळी यायची आणि दिवेलागणीला घाटकोपरला परत जायची. गाडीबरोबर दोघं, ड्रायव्हर आणि मदतनीस. आठवडाभरात ओसरीवर त्यांचं बाकडं आलं, मग पाण्याचा माठ, मग दोरीवर दोन टॉवेल. मदतनीस गरीब माणूस, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडून असायचा. माझी सारी अडचण ड्रायव्हरची होती.

तो कुडाळकडचा. माझी बायको मालवणजवळची. मी मुंबईत वाढलो. मालवणी मला समजते, पण तोंडात बसत नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायकोने माझ्याशी मुंबईचं मराठी बोलायला सुरुवात केली आणि मला वाटलं, विषय संपला. आता मी शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी यायचो तर ओसरीवरून ऐकू यायचं, "वयनी, चाय टाकलात काय?" आणि आतून माझ्या बायकोचं, "टाकलंय, वायच दम धर." त्यात हसू होतं. ती माझ्याशी हसत नव्हती असं नाही, पण हे हसू तिच्या गावचं होतं, आणि त्या गावात मी फक्त जावई म्हणून दोनदा जाऊन आलो होतो.

तो मला साहेब म्हणायचा. मी आलो की उठून उभा राहायचा, बाकड्यावर जागा करून द्यायचा. माझ्याच ओसरीवर मला जागा करून देणारा हा कोण? पण तक्रार करायला जागा नव्हती. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाचा राग करणं फार कठीण असतं. मी ते कठीण काम रोज करत होतो.

पण खरं दुखणं ड्रायव्हर नव्हता. खरं दुखणं फोन होता.

नियमाप्रमाणे लोकांनी घाटकोपरच्या मुख्य ऑफिसला फोन करायचा आणि ऑफिसने आम्हाला. पण मुख्य ऑफिसची लाइन सदा एंगेज, आणि आसपासच्या पानवाल्यांना, रिक्षावाल्यांना आमचा नंबर पाठ झालेला. ते सरळ आमच्याकडेच फोन लावायचे. एका शनिवारी मी दारात चपला काढत होतो आणि ती आत कोणाशी तरी बोलत होती. मी तसाच थांबलो.

"अहो, घाबरू नका. मी आहे ना फोनवर. मला सांगा, तुमच्या दारातून बाहेर पाहिलं की काय दिसतं? ... पाण्याची टाकी. बरं. टाकीच्या डाव्या अंगाला की उजव्या? ... छान सांगितलंत. आता एक माणूस टाकीपाशी उभा करा. आईचं डोकं एका कुशीवर करा. गाडी निघाली बघा."

आवाज काही गोड वगैरे नव्हता. खालच्या पट्टीतला होता आणि त्याला अजिबात घाई नव्हती. पण पलीकडचा माणूस जो कोण असेल, त्याची आई मरायला टेकली असेल, तरी तो त्या क्षणी जगात एकटा नव्हता. मला त्याचा हेवा वाटला. उगाच गोल गोल बोलत नाही, हेवाच वाटला. आणि ते 'अहो'! बायका 'अहो' सगळ्यांनाच म्हणतात हे मलाही कळतं. पण तिच्या तोंडचा तेवढा एक शब्द माझ्या मालकीचा आहे असं मी समजत होतो, आणि आता ज्याला फोन लागेल त्याला तो मिळत होता.

फोन ठेवून ती ओसरीवर जाऊन ड्रायव्हरला पत्ता सांगून आली. मला म्हणाली, "आलात? वाढू का?"

मग कॅरम गेला. कॅरमबोर्ड हा माझा एकमेव शौक. चाळीत माझ्या हातचा कट प्रसिद्ध होता. एक दिवस घरी आलो तर बोर्ड फोनशेजारच्या ट्रंकेवर मांडलेला आणि त्यावर खडूने रेघा. ही रेघ आपला रस्ता, हा साकीनाका, हे घाटकोपर, इकडे कांजूर. सोंगट्या म्हणजे गाड्या. एक गाडी निघाली की मुख्य ऑफिस सगळ्या पॉइंटना फोन करून सांगायचं, कोणी कुठे सरकायचं, आणि ती त्याप्रमाणे सोंगट्या सरकवायची. आमची अंधेरीची गाडी म्हणजे लाल राणी. मी हौसेने शेजाऱ्याला डाव टाकायला बोलावलं तर म्हणाली, "आत्ता हात लावू नका हं, राणी साकीनाक्याला गेलीय." शेजारी हसला. माझा मात्र तिळपापड झाला.

चाळीतला माझा मानही गेला. पीपीवाल्यांना आता ती सांगायची, "एका मिनिटात उरका, लाइन मोकळी हवी." आणि लोक ऐकायचे, वर तिलाच थँक्यू म्हणायचे. दुपारच्या सुट्टीत कारखान्यातून मी घरी फोन करायला लागलो. याआधी कधी केला नव्हता, करण्यासारखं काही नसायचं. आता वाटायचं, आपणही पलीकडे असून बघावं.

"हॅलो," ती म्हणायची, तोच खालचा, तयार असलेला आवाज.

"मी आहे."

"तुम्ही होय? काय काम होतं?" तो आवाज कुठच्या कुठे गेलेला.

"काही नाही. सहज."

"मग ठेवा ना. लाइन मोकळी ठेवा."

माझ्या बापाने नंबर लावलेला फोन, आणि मलाच म्हणते ठेवा. यावर माझ्याशी बोलायला कारखान्यात कोणी नव्हतं, म्हणून मी एकटाच धुमसत परत पत्रे मोजायला जायचो.

एका रविवारी दारात एक जोडपं आलं, कडेवर तान्हं, हातात पेढ्यांचा पुडा. मीच पुढे झालो. तो माणूस माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "बाई आहेत का? फोनवरच्या?"

"आत आहेत," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"मी इथंच राहतो."

बायको बाहेर आली. त्या माणसाने बाळ तिच्या हातात दिलं आणि त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "तुमचा आवाज कानात होता म्हणून मी उभा राहू शकलो." पुडा तिने माझ्या हातात दिला. पेढे चांगले होते. मला ते गेले नाहीत.

त्याच दुपारी ती नळावर गेलेली असताना फोन वाजला आणि मी झडप घालून उचलला. मनात म्हटलं, बघू, हे काय एवढं अवघड आहे. मी पेन्सिल घेतली. पूर्ण नाव विचारलं. पलीकडच्याने अर्धवट काहीतरी सांगितलं. मी आडनावाचं स्पेलिंग विचारलं, मग वय, मग पत्ता, खोली नंबरसकट. स्टोअरमध्ये माल देताना मी असंच विचारायचो, आणि तिथं कधी कोणाची तक्रार आली नव्हती. तो माणूस ऐकत राहिला आणि मग काकुळतीने म्हणाला, "साहेब, बाईंना द्या ना हो." तेवढ्यात ती ओल्या हातांनी धावत आली. मी रिसीव्हर दिला. "अहो, सांगा. जवळ काय दिसतं?" ती म्हणाली, आणि त्याला सगळं सांगता आलं.

गाडी गेल्यावर मी भांडलो. भांडण कसलं, मीच एकटा बोललो. हे घर आहे की दवाखाना, ओसरीवर परक्यांचे टॉवेल, कॅरमची वाट लागली, कोणीही यावं आणि बाई कुठे आहेत विचारावं. ती कणीक मळत होती.

"तुम्हीच हो म्हणालात," ती म्हणाली.

"मग? हो म्हटलं म्हणजे माझ्याशी बोलायचंच नाही का? त्या लोकांशी किती गोड बोलतेस. घाबरू नका, मी आहे. मला कधी म्हटलंस?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती तिच्या चेहऱ्यावर, खरंच विचारत होती. "तुम्ही कधी घाबरलात?"

मी शर्ट घालून नाक्यावर जाऊन उभा राहिलो. पण त्या दिवशी मला स्वतःपुरतं स्पष्ट झालं की मला काय हवंय. गाडी गेली तरी चालेल, राहिली तरी चालेल. तो आवाज मला हवा होता. निदान एकदा, माझ्यासाठी.

तो मिळाला. कसा मिळाला ते सांगतो.

पावसाळा संपला होता. दुपारच्या सुट्टीत कारखाना रिकामा झाला होता. मी आणि एक हमाल, आम्ही दोघंच स्टोअरमध्ये नवा माल लावून घेत होतो. पत्र्यांच्या थप्पीखाली लाकडी ठोकळा देतात, तो निसटला. वरचे पत्रे सरकले आणि माझ्या उजव्या पायावर आले. आवाज मोठा झाला. दुखलं मागाहून, आधी फक्त गरम लागलं. हमालाने पत्रे ओढून काढले, माझी पँट नडगीपाशी फाटलेली पाहिली, आतलं पाहिलं, आणि तो सुपरवायझरला शोधायला पळाला. कारखान्याचा टेम्पो माल घेऊन भिवंडीला गेलेला. मी जमिनीवर, टेबलाला टेकून. रक्त बुटात जात होतं.

टेबलावर फोन होता. वायर धरून मी तो खाली ओढला. आधी संस्थेच्या मुख्य ऑफिसचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. मग मी माझ्या घरचा फिरवला.

"हॅलो."

"अपघात झालाय," मी म्हटलं. घशातून धड आवाज निघत नव्हता. "पायावर पत्रे पडलेत."

पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "अहो, घाबरू नका. मी आहे फोनवर. कुठून बोलताय?"

मी कारखान्याचं नाव सांगितलं.

"तिथं जवळ काय आहे? रस्त्यावरून काय दिसतं?"

"निळं फाटक. समोर चहाची टपरी. टपरीमागे एक पडकी भिंत."

"बरं. रक्त येतंय? हाताशी कापड आहे? घट्ट बांधा. शर्ट काढून बांधला तरी चालेल. पाय कशावर तरी उचलून ठेवा. कोणी आहे का तिथं? त्याला फाटकावर उभं करा. गाडी निघतेय. मी आता फोन ठेवते, लाइन मोकळी हवी."

आणि तिने ठेवला.

मी शर्ट काढून पाय बांधला, परत आलेल्या हमालाला फाटकावर पाठवलं. तिने सांगितलं तसंच सगळं केलं, आणि करता करता मला रडू आलं, ते पायामुळे नव्हतं. तो आवाज होता. तोच खालचा, सावकाश, पाण्याच्या टाकीवाल्याला मिळालेला, बाळाच्या बापाला मिळालेला. माझ्या वाट्याला आला होता आणि त्यात एक अक्षर जास्त नव्हतं. तिने मला ओळखलंच नाही, असं मला वाटलं. नाही तर मग ओळखलं आणि तरी तेवढंच दिलं. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येईना.

गाडी लवकर आली. आमच्याच दारातली. ड्रायव्हर आत शिरला, मला पाहिलं आणि जागच्या जागी थबकला.

"साहेब, तुमी?" तो म्हणाला. "वयनी काय बोलाक नाय माका. फकस्त पत्तो दिल्यान."

त्यानेच मला उचललं. ज्या माणसाच्या टॉवेलवरून मी घरात भांडण केलं, त्याच्या गळ्यात हात टाकून मी फाटकाबाहेर आलो. उघडा, नुसत्या बनियनवर. टपरीवरचे लोक बघत होते. गाडीत त्याने मला निजवलं आणि पूर्ण रस्ताभर खड्डे चुकवत, सांभाळून नेलं. चांगुलपणाही कधी कधी माणसाला सोसत नाही.

इस्पितळात टाके पडले. हाड मोडलं होतं, प्लॅस्टर घातलं. मला वॉर्डात आणून टाकल्यावर ड्रायव्हर भेटायला आला. पेशंट पोचवला की कुठल्याही फोनवरून पॉइंटला कळवायचं, गाडी मोकळी झाली म्हणून, असा त्यांचा नियम. तो खालून फोन करून आला होता.

"वयनीक सांगलंय," तो म्हणाला. "'माका म्हायत आसा,' म्हणाली. हाड मोडला काय, तेवढा इचारल्यान."

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. ड्रायव्हर निघून गेला आणि मी छताकडे बघत पडलो. आता ती येईल, मला वाटलं. आली नाही. भेटायची वेळ सुरू झाली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं नुसतं अपेंडिक्स काढलं होतं, तर त्याची बायको त्याला चमच्याने मोसंबीचा रस पाजत होती आणि मध्ये मध्ये त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. त्या माणसाचाही मला हेवा वाटला. पलीकडच्या म्हाताऱ्याभोवती सगळं खानदान जमलं होतं. माझ्या खाटेपाशी स्टूल रिकामं होतं. कोणीतरी येऊन ते उचलून घेऊन गेलं. मी मनात बोलत होतो: बसली असेल फोनपाशी. कोणाला तरी विचारत असेल, दारातून काय दिसतं. आज कोणाचा नवरा तिला जास्त जवळचा आहे कोण जाणे. वेदना उतरायला सुई टोचली होती, पण या दुखण्यावर तिचा काही उपयोग नव्हता.

भेटायची वेळ संपत आली तेव्हा ती आली. हातात कापडी पिशवी. केस विस्कटलेले नव्हते, साडी नीट होती. कोणाचं तरी स्टूल मागून घेऊन ती बसली. प्लॅस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"उशीर झाला," मी म्हटलं. तिला जेवढं लागेल तेवढं लागावं अशा सुरात म्हटलं.

"शेजारच्या काकू बोरिवलीला गेल्या होत्या. त्या आल्यावर त्यांना फोनपाशी बसवलं," ती म्हणाली. "मग कारखान्यात गेले."

"कारखान्यात? कशाला?"

"बघायला."

तिने पिशवीतून माझा डबा काढला. सकाळी तिनेच भरलेला, न उघडलेला. मग मला उचलताना कारखान्यातच निसटलेला माझा डावा बूट काढून खाटेखाली ठेवला. उजवा इस्पितळात आल्यावर कापून काढला होता.

"तुम्ही फोनवर सांगत होतात, निळं फाटक, टपरी, पडकी भिंत," ती म्हणाली. "आणि माझ्या डोळ्यांपुढे काही येईना. कुठल्याही माणसाने खूण सांगितली की मला त्याचं घर दिसतं. कधी न पाहिलेलं दिसतं. तुम्ही जिथं रोज जाता ते मात्र दिसेना. सहा वर्षांत कधी दाखवलं नाहीत. म्हणून गेले."

मी मग जे दुपारपासून पोखरत होतं ते विचारलं. "ओळखलं होतंस ना मला?"

"तुमचा आवाज मला कळणार नाही?"

"मग काही बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर रडले असते. रडणाऱ्या बाईने गाडी कशी पाठवायची?"

हे वाक्य तिला पुरतं बोलता आलं नाही. मध्येच आवाज फाटला. वर चढला, चिरकला, आणि शेवटचे शब्द नुसते ओठांवर राहिले. त्या आवाजात धीर नव्हता, सावकाशपणा नव्हता. तो कोणालाही फोनवर ऐकवण्यासारखा नव्हता. कोणी ऐकलाही नव्हता. टाकीवाल्याने नाही, पेढेवाल्याने नाही, कुडाळच्या ड्रायव्हरने तर नाहीच. तो एवढा वाईट आवाज फक्त माझ्यासाठी होता हे माझ्या लक्षात आलं आणि पाय मोडलेल्या अवस्थेत मला आनंद झाला. असला आनंद चांगल्या माणसाला होत नाही म्हणतात. मला झाला.

ती पदराने तोंड पुसत होती तेवढ्यात वॉर्डाच्या टोकाला, नर्सच्या टेबलावर, फोन वाजला. टेबलापाशी कोणी नव्हतं. माझी बायको उठली. तिला कळलंही नसेल आपण उठलोय ते. हात पुढे झालेला, मान तिकडे वळलेली, चेहरा पुसलेला आणि तयार. मी तिचं मनगट धरलं. ती फोनकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे. आणि स्टुलावर परत बसली.

फोन बराच वेळ वाजत राहिला. ती उठली नाही.